टीव्ही फोर-के, पण वायर कोणती? अठराशेच्या सोनेरी पिनेला भुलण्याआधी हे वाचा

दसरा-दिवाळीला तालुक्याच्या दुकानातून हप्त्यावर ४३ इंची टीव्ही घरी येतो. खोकं उघडायला शेजारची पोरं जमतात, टीव्ही भिंतीवर चढतो आणि मग बिलातली दुसरी ओळ कुणाच्या तरी नजरेत येते : एचडीएमआय वायर, सोनेरी पिन, रुपये अठराशे. एवढी महाग का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. 'साधी वायर लावली की चित्र धुरकट दिसतं भाऊ.'

हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते का चुकीचं हे एकदा कळलं की पुढची बरीच फसवणूक टळते.

जुन्या अँटेनाच्या टीव्हीवर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या. सिग्नल जेवढा कमी, तेवढ्या मुंग्या जास्त. एचडीएमआयचं तसं नाही. या वायरीतून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. आकडे नीट पोहोचले तर चित्र जसंच्या तसं दिसतं, मग वायर दोनशेची असो की दोन हजारांची. आकडे गळाले तर चित्र धुरकट होत नाही, पडद्यावर ठिपके चमकतात, मधेच दोन सेकंद काळं होतं, आवाज तुटतो किंवा सरळ 'नो सिग्नल' येतं. म्हणजे चित्र धुरकट दिसत असेल तर दोष एचडीएमआय वायरीचा नाही, कारण दुसरीकडे शोधायचं. सोन्याच्या मुलाम्याचा उपयोग एवढाच, की पिनेला गंज धरत नाही. रंग त्याने खुलत नाहीत.

एचडीचे पैसे भरायचे आणि तीन पिनेची वायर लावायची

धुरकट चित्राचं खरं कारण बहुतेक घरांत टीव्हीच्या मागेच लोंबत असतं. पिवळी, लाल, पांढरी अशी तीन पिनांची वायर. पिवळी पिन चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. ही वायर जुन्या डब्बा टीव्हीच्या काळातली आहे. तिच्यातून उभ्या बाजूने ५७६ रेषांपेक्षा जास्त चित्र जातच नाही. फोर-के टीव्हीच्या पडद्यावर २१६० रेषा असतात. उरलेल्या रेषा टीव्ही अंदाजाने भरतो, म्हणून चेहरे मेणाचे दिसतात आणि खालची बातमीची पट्टी वाचता येत नाही.

सेटटॉप बॉक्स एचडी आहे, महिन्याला एचडी पॅकचे पैसे जातात, आणि जुन्या टीव्हीची तीन पिनेची वायरच नव्या टीव्हीला लावलेली आहे. अशा घरात एचडीचे पैसे पाण्यात जातात. बॉक्सच्या मागे एचडीएमआयचं चपटं भोक आहे का बघा. असेल तर तीच वायर लावा आणि रिमोटवरून इनपुट बदला. बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट १०८० वर आहे ना, हेही तपासा. कित्येकदा ते कमी आकड्यावर राहून गेलेलं असतं.

डीडी फ्री डिशवाल्यांनी मात्र एक समजून घ्यावं. तिथले बहुतेक चॅनेल साध्या दर्जाचे आहेत. एचडीएमआय लावल्याने चित्र थोडं स्वच्छ होईल, अक्षरं सुटी दिसतील, पण साधा चॅनेल एचडी होणार नाही. मोठ्या पडद्यावर तो थोडा फाटलेला दिसणारच.

आणखी एक गंमत. काही नव्या टीव्हीत पिवळ्या पिनेला वेगळं भोक नसतं, हिरव्या भोकातच ती लावायची असते. ती लावली आणि चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्ही बिघडलेला नाही, इनपुट 'कंपोनंट'वर आहे. ते 'एव्ही' करा, रंग येतात.

मग एचडीएमआय घ्यायची कोणती?

वायरीच्या खोक्यावर तीन नावं वाचायला मिळतात. 'हाय स्पीड' वायर सेकंदाला १०.२ गिगाबिट वाहून नेते. सेटटॉप बॉक्ससाठी, ३२ इंची साध्या एचडी टीव्हीसाठी आणि फुल एचडीसाठी ती पुरून उरते. 'प्रीमियम हाय स्पीड' १८ गिगाबिटची. फोर-के स्टिक किंवा फोर-के बॉक्स लावायचा असेल तर ही घ्या. 'अल्ट्रा हाय स्पीड' ४८ गिगाबिटची. पोराने प्लेस्टेशन ५ आणलं असेल आणि टीव्हीही १२० हर्ट्झचा असेल, तरच तिचा उपयोग. सेटटॉप बॉक्सला अल्ट्रा वायर लावणं म्हणजे एका पोत्यासाठी ट्रक भाड्याने करणं.

खोक्यावर 'व्हर्जन २.१' वगैरे मोठ्या अक्षरात छापलेलं असेल तर त्याला भुलू नका. नियमाने वायरीवर व्हर्जनचा आकडा नाही, वरच्या तीन नावांपैकी एक छापायचं असतं. प्रीमियम आणि अल्ट्राच्या अस्सल खोक्यावर चौकोनी कोडचं लेबल असतं, ते एचडीएमआयच्या अधिकृत ॲपने मोबाइलवर स्कॅन करता येतं. दुकानातच स्कॅन करा.

नवी वायर लावूनही फोर-के येत नसेल तर लगेच वायर बदलायला धावू नका. बऱ्याच टीव्हीत त्या भोकापुरतं 'एन्हान्स्ड' किंवा 'यूएचडी' असं सेटिंग हाताने चालू करावं लागतं. आणि मोबाइल नेटवर ओटीटी बघत असाल तर नेटचा वेगही बघा. नेटफ्लिक्सच फोर-केसाठी १५ एमबीपीएस मागतं. गावात संध्याकाळी सात वाजता तेवढा वेग मिळतो का, हे ज्याचं त्याला माहीत.

साउंडबार घेतला असेल तर टीव्हीच्या मागे 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं भोक शोधा. वायर त्यातच लावायची, साउंडबारच्या बाजूनेही तसं लिहिलेल्या भोकात. दुसऱ्या भोकात लावली तर टीव्हीचा आवाज बारमधून येत नाही, आणि लोक बार परत करायला दुकानात जातात.

चौकातला पडदा आणि लांब वायर

गणपतीत किंवा क्रिकेटच्या फायनलला मंडळाचा प्रोजेक्टर चौकात लागतो. प्रोजेक्टर लांब, बॉक्स मंडपात, मधे १५ मीटरचं अंतर. इथे मात्र वायर खरंच महत्त्वाची आहे. तांब्याच्या साध्या वायरीत अंतर वाढलं की आकडे गळतात. फोर-केसाठी पाच मीटरच्या पुढे जपून, फुल एचडी चांगल्या जाड वायरीवर दहा मीटरच्या आसपास चालून जातं. त्यापुढे फायबरची एचडीएमआय घ्यावी. ती एकाच दिशेने चालते. एका टोकाला 'सोर्स' आणि दुसऱ्याला 'डिस्प्ले' लिहिलेलं असतं. उलटी लावली तर काहीच दिसत नाही. मॅच सुरू व्हायच्या तासभर आधी लावून बघा आणि ती करकचून दुमडू नका, आतली काच तुटते.

दुसरी नेहमीची चूक कन्व्हर्टरची. बॉक्सला फक्त एचडीएमआय आहे आणि घरातला टीव्ही जुना डब्बा, तर 'एचडीएमआय ते एव्ही' कन्व्हर्टर लागतो. 'एव्ही ते एचडीएमआय' हा वेगळा असतो. दिसायला दोघे सारखेच, काम उलटं. ऑनलाइन मागवताना हेच चुकतं. त्याला यूएसबीतून वीजही द्यावी लागते, नुसती वायर खोचून तो चालत नाही.

छत्रीपासून येणारी वायर

पाऊस आला की चित्र जातं, अशी तक्रार असेल तर आधी छतावर चढा, अर्थात पाऊस उघडल्यावर. छत्रीपासून बॉक्सपर्यंत 'आरजी-६' लिहिलेली, ७५ ओहमची काळी किंवा पांढरी वायर असावी. मधे जोड नको. वायर पिळून वर टेप गुंडाळली की पाणी शिरतं आणि सिग्नल तिथेच मरतो. जोड टाळता येत नसेल तर स्क्रूची पिन लावून घ्या. घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून पडतं. याच वायरीतून छत्रीच्या तोंडाला १३ किंवा १८ व्होल्ट वीज जाते, म्हणून बॉक्स चालू असताना ती सोडू-जोडू नये. एचडीएमआयची पिनही दोन्ही यंत्रं बंद करूनच काढावी-लावावी.

वळवाच्या पावसात वीज पडते तेव्हा दणका छत्रीच्या वायरीतून बॉक्समध्ये, आणि तिथून एचडीएमआयने टीव्हीत जाऊ शकतो. तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही. आभाळ भरून यायला लागलं की टीव्ही आणि बॉक्सचे प्लग काढा आणि छत्रीची वायरही बॉक्सच्या मागून फिरवून सोडवा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र त्या वायरीला हात लावू नका.