पुढचा ग्रुप कोणता?
सी.ए. इंटरमीजिएट देणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी व त्यांच्या पालकांसाठी

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहातून बाहेर पडलेली मुले पूर्वी बहुधा डी.एड., पोलीस भरती किंवा आय.टी.आय.च्या वाटेने जात. अलीकडे काही मुले-मुली वाणिज्य शाखेकडे वळून सनदी लेखापालाच्या, म्हणजे सी.ए.च्या परीक्षेस बसू लागली आहेत. मेळाव्यास आली की हिशेबाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना ती एकच प्रश्न विचारतात, "दादा, आता कोणता ग्रुप आधी द्यावा?" शेजारी उभे असलेले आईवडील मात्र वेगळेच विचारतात, "हे लेकरू कमावतं कधी होणार?" आमच्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पहिल्याचा हिशेब नीट मांडला, तर दुसऱ्याचे उत्तर त्यातच सापडते.

परीक्षेची मांडणी

भारतीय सनदी लेखापाल संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. ही परीक्षा तीच घेते. अभ्यासक्रमाच्या तीन पायऱ्या आहेत: फाउंडेशन, इंटरमीजिएट आणि फायनल. निर्णयाची खरी अडचण मधल्या पायरीवर येते. इंटरमीजिएटमध्ये प्रत्येकी १०० गुणांचे सहा पेपर असून ते दोन ग्रुपमध्ये विभागले आहेत. पहिल्या ग्रुपमध्ये प्रगत लेखांकन, कंपनी व इतर कायदे आणि करआकारणी, तर दुसऱ्यात परिव्यय व व्यवस्थापन लेखांकन, लेखापरीक्षण व नीतिमत्ता आणि वित्तीय व व्यूहात्मक व्यवस्थापन. ग्रुप उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात किमान ४० गुण आणि तीनही पेपर मिळून ३०० पैकी १५० गुण लागतात. परीक्षा आता वर्षातून तीनदा होते, साधारणपणे जानेवारी, मे आणि सप्टेंबर महिन्यांत.

जुना सल्ला आता का चालत नाही

आमच्या पिढीतील अनेकजण आजही सांगतात, "एक ग्रुप काढ, आर्टिकलशिप धर, दुसरा मागाहून होईल." हा सल्ला मनापासून दिलेला असतो आणि एके काळी तो बरोबरही होता. जुन्या योजनेत एक ग्रुप उत्तीर्ण झाला की तीन वर्षांची आर्टिकलशिप सुरू करता येई. आमच्यापैकी एकाने तसेच केले. दिवसभर कार्यालयात व्हाउचर तपासायचे आणि रात्री अभ्यासाला बसायचे, अशा ओढाताणीत दुसरा ग्रुप निघायला त्याला चार प्रयत्न लागले.

१ जुलै २०२३ पासून नवी योजना लागू झाली आणि मे २०२४ पासून इंटरमीजिएटची परीक्षा तिच्यानुसार होऊ लागली. आता दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्याशिवाय आर्टिकलशिप सुरू होत नाही. तिचा कालावधी मात्र तीनवरून दोन वर्षांवर आला आहे. घरात पहिले विद्यावेतन येण्याचा दिवस आता पहिल्या ग्रुपवर नव्हे, तर शेवटच्या ग्रुपवर अवलंबून आहे. म्हणून "कोणता ग्रुप सोपा" या प्रश्नाऐवजी "दोन्ही ग्रुप कमीत कमी महिन्यांत कसे निघतील" हा प्रश्न स्वतःला विचारावा.

दोन्ही एकदम की एकेक?

दोन्ही ग्रुप एकाच वेळी देण्यात एक मोठा लाभ आहे आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. प्रत्येक पेपरात ४० गुण असतील, तर दोन्ही ग्रुप मिळून ६०० पैकी ३०० गुणांवरही विद्यार्थी दोन्ही ग्रुपमध्ये उत्तीर्ण होतो. एका ग्रुपची तूट दुसऱ्याच्या शिलकेतून भरून निघते. समजा, पहिल्या ग्रुपमध्ये ४८, ४१ व ५० असे १३९ गुण पडले आणि दुसऱ्यात ६२, ५१ व ५५ असे १६८. बेरीज ३०७, म्हणून दोन्ही ग्रुप निघाले. हाच विद्यार्थी एकटा पहिला ग्रुप देता, तर ११ गुणांनी नापास झाला असता.

पण या शिलकेचा उपयोग सहाही पेपरांची तयारी झाली असेल तरच होतो. एखाद्या पेपरात ३९ गुण पडले, तर त्या ग्रुपला बेरजेचा आधार मिळत नाही. आमचा ठोकताळा असा: परीक्षेच्या दीड महिना आधी सहाही विषयांचे एक वाचन पूर्ण झाले असेल आणि सराव पेपरांत एकही विषय ४० च्या खाली जात नसेल, तर दोन्ही ग्रुप द्यावेत. तसे नसेल, तर एक ग्रुप पक्का करावा.

एकच द्यायचा असेल तर

बहुतेकांना आम्ही पहिला ग्रुप सुचवतो. फाउंडेशनचे लेखांकन आणि व्यापारी कायदे ताजे असतात, हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे. दुसऱ्या ग्रुपमधील लेखापरीक्षण हा विषय लेखांकनाचे नियम आणि २०१३ च्या कंपनी कायद्यातील लेखापरीक्षकासंबंधीची कलमे यांवर उभा आहे. हा पाया पहिल्या ग्रुपमध्ये घातला जातो. तो असला, की लेखापरीक्षणातील निम्मी वाक्ये ओळखीची वाटतात.

याला अपवाद आहेत. ज्याचे गणित पक्के आहे पण भाषा कच्ची आहे, त्याला परिव्यय लेखांकन आणि वित्तीय व्यवस्थापन यांतून दुसरा ग्रुप लवकर निघू शकतो. मात्र त्याने लेखापरीक्षणाकडे काणाडोळा करू नये. करआकारणीचेही ध्यानात ठेवावे. तिचा अर्धा भाग आयकराचा व अर्धा जीएसटीचा आहे आणि हे कायदे सतत बदलतात. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा घेतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दरही बदलले. ज्याची करआकारणीची तयारी झाली आहे, त्याने पहिला ग्रुप लांबणीवर टाकू नये. टाकलाच, तर बदललेला भाग पुन्हा शिकावा लागेल. कोणत्या सत्रास कोणता कायदा लागू, हे संस्थेच्या सूचनेत वाचूनच पुस्तक घ्यावे.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

आपली बरीच मुले आकड्यांना नव्हे, तर कायदा आणि लेखापरीक्षण या लेखी विषयांना भितात. उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात; मराठीत नाही. दोन्ही ग्रुपमध्ये असा एक लेखी विषय आहे, त्यामुळे ग्रुप बदलून ही भीती टळत नाही. रोज एक उत्तर हाताने लिहून काढणे हाच त्यावर उपाय. प्रत्येक पेपरात ३० गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना असतात आणि इंटरमीजिएटला चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. भाषेत कमी पडणाऱ्याला हा मोठा आधार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२५ ते १९२८ या काळात मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी प्रशिक्षण संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत असत. हा विषय आपल्यासाठी परका आहे, असे आपल्या मुलांनी मानण्याचे कारण नाही.

निकालापूर्वीचे दोन महिने

परीक्षा संपल्यावर निकाल यायला साधारण दोन महिने लागतात आणि पुढची परीक्षा चार महिन्यांवर असते. निकालाची वाट पाहत बसणारा अर्धा काळ घालवतो. एक ग्रुप दिला असेल, तर आठवडाभर विश्रांती घेऊन दुसऱ्या ग्रुपचे पुस्तक उघडावे. दिलेला ग्रुप निघाला तर पुढची तयारी सुरू झालेली असते. नाही निघाला, तरी दुसरा ग्रुप कधीतरी द्यायचाच आहे. न दिलेल्या ग्रुपचा अभ्यास कधीच वाया जात नाही.

साठ गुणांची सूट आणि तिची मुदत

ग्रुपचे तीनही पेपर देऊन विद्यार्थी नापास झाला, पण एखाद्या पेपरात ६० किंवा अधिक गुण मिळाले, तर तो पेपर पुढील तीन परीक्षांपर्यंत पुन्हा द्यावा लागत नाही. समजा, लेखांकनात ६६, कायद्यात ३५ आणि करआकारणीत ४७ गुण मिळाले. ६६ गुण खात्यात जमा राहतात. पुढच्या वेळी उरलेल्या दोन पेपरांत प्रत्येकी ४० आणि मिळून ८४ गुण पुरतात.

येथेच पुष्कळांची फसगत होते. परीक्षा वर्षातून दोनदा होती तेव्हा तीन परीक्षा म्हणजे दीड वर्ष. आता तीच मुदत एका वर्षात संपते. ज्याच्या खात्यात सूट आहे, त्याने आधी तोच ग्रुप पुरा करावा. मुदत संपल्यावर सूट कायम ठेवण्याचा पर्याय नव्या योजनेत आहे, पण तो घेतल्यास त्या ग्रुपच्या उरलेल्या प्रत्येक पेपरात ४० ऐवजी ५० गुण मिळवावे लागतात.

घरचे वेळापत्रक

आमच्या जिल्ह्यात अभ्यासाचे वेळापत्रक शेतीपासून वेगळे काढता येत नाही. वसमत, कळमनुरी, औंढ्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल हळद काढणे, शिजवणे, वाळवणे चालते. एप्रिलमध्ये जयंतीची धावपळ असते. नेमकी तीच मेच्या परीक्षेची तयारीची वेळ. जून-जुलैत पेरणी आणि खुरपणी असते. घरी राहून शिकणाऱ्याने मे महिन्यासाठी एक ग्रुप आणि मोकळ्या सत्रासाठी दोन्ही, असा विचार करण्यास हरकत नाही. पालकांना विनंती, की परीक्षेआधीचे दोन महिने तरी मुलाला, आणि मुलीला तर अधिकच, कामातून मोकळे ठेवावे. मुलीला स्वयंपाक आणि शेत दोन्हीकडून हाक येते, हे आपण सारे जाणतो.

पैशाअभावी कोणी मागे राहू नये. संस्थेचे ऑनलाइन थेट वर्ग विनामूल्य असतात, अभ्याससाहित्य व सराव पेपर तिच्या संकेतस्थळावर मिळतात आणि गरजू व दुर्बल घटकांसाठी तिच्या शिष्यवृत्त्याही आहेत. महागड्या क्लासचे पैसे भरण्यापूर्वी हे पाहावे.

शेवटी एक सुचवतो. निकाल हाती आला की त्याच दिवशी एका कागदावर चार ओळी लिहाव्यात: कोणत्या पेपरात सूट मिळाली, तिची मुदत कोणत्या परीक्षेपर्यंत, बेरीज किती गुणांनी कमी पडली, आणि पुढच्या चार महिन्यांत घरी काय काम आहे. या चार ओळी भरल्या, की पुढचा ग्रुप कोणता हे बहुधा कागदच सांगतो. तरीही शंका राहिली, तर तो कागद घेऊन आमच्यापैकी कोणाकडेही यावे. आपल्या वसतिगृहात एका कंदिलाभोवती चौघे अभ्यासाला बसत. ती सवय आम्ही मोडलेली नाही.