सीबीडी: थेंब नव्हे, मिलिग्रॅम मोजा

सीबीडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: 'याने चढते का?' उत्तर सरळ आहे, चढत नाही. भांगेच्या झाडात शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड द्रव्ये सापडतात. त्यातले टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ रिसेप्टरला उद्दीपित करते, म्हणून नशा येते. सीबीडी, म्हणजेच कॅनाबिडिओल, तसे करत नाही. शुद्ध सीबीडीची चटक लागत असल्याची चिन्हे नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही म्हटले आहे.

गोंधळ सुरू होतो तो यापुढे. नशा नाही, वर वनस्पतीपासून काढलेले, मग अपाय तो काय होणार? असे म्हणणारे लोक एक गोष्ट विसरतात. सीबीडी हे खरोखरीचे औषध आहे. अमेरिकेत २०१८ साली 'एपिडिओलेक्स' या नावाने त्याला मान्यता मिळाली, ती लहानपणी सुरू होणाऱ्या ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टॉट या दोन हट्टी अपस्मारांसाठी. २०२० मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिसमुळे येणाऱ्या झटक्यांसाठीही. आणि औषध म्हटले की त्याचे दुष्परिणामही आलेच: गुंगी, जुलाब, भूक मंदावणे, यकृताची एन्झाइम वाढणे. सोबत अपस्मारावरचेच व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृताचा धोका आणखी वाढतो. क्लोबाझाम हे अपस्मारावरचे दुसरे औषध चालू असेल तर त्याचा अंश रक्तात साचून पेशंट दिवसभर पेंगत राहतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणामही वाढू शकतो. यकृत ज्या एन्झाइमनी इतर गोळ्यांचा निचरा करते, त्यांतली काही सीबीडी अडवून धरते, हे या शेवटच्या दोन परिणामांमागचे मुख्य कारण. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते घेऊ नये, असा अमेरिकी औषध प्रशासनाचा सल्ला आहे.

आता मात्रेकडे येऊ, कारण खरी गफलत तिथेच आहे. बाटलीवर ठळक '१००० मिलिग्रॅम' छापलेले असते. तो अख्ख्या ३० मिलिलिटर बाटलीचा आकडा. मिलिलिटरमागे हिशेब होतो साधारण ३३ मिलिग्रॅम आणि थेंबाला दीड-दोन. जिभेखाली पाच थेंब टाकणाऱ्याच्या पोटात जेमतेम आठ-नऊ मिलिग्रॅम जातात. अपस्माराच्या उपचारात वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक देतात. २० किलोच्या मुलाला दिवसाला २०० मिलिग्रॅम, म्हणजे ही बाटली पाच दिवसांत संपेल. ब्राझीलमध्ये २०१९ साली सभेत बोलण्याच्या भीतीवर छोटासा प्रयोग झाला. त्यात ३०० मिलिग्रॅमने घाबरणे कमी झाले, १५० ने नाही आणि ६०० नेही नाही! तेव्हा 'सीबीडीने चिंता जाते' या वाक्याला मात्रेशिवाय अर्थच नाही. शिवाय तुपकट जेवणानंतर घेतले तर रक्तातले प्रमाण उपाशीपोटीपेक्षा चार-पाच पट होते. कधी अनशापोटी, कधी पुरणपोळीनंतर घेऊन 'मला लागू पडत नाही' म्हणण्यात काही हशील नाही.

झोप, गुडघेदुखी, मधुमेह, कॅन्सर असे सगळे आजार एकाच जाहिरातीत बरे होत असतील, तर ती जाहिरात बाजूला ठेवावी. वेदनांच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ मध्ये पुरेशा पुराव्याअभावी वेदनांसाठी कॅनाबिनॉइडची शिफारस करण्याचे नाकारले. माणसाचा कॅन्सर सीबीडीने बरा होतो, याला पुरावा नाही.

बाटलीवरच्या प्रकारांचे तीन शब्द मात्र समजून घ्यावेत. आयसोलेट म्हणजे नुसते सीबीडी. ब्रॉड स्पेक्ट्रममध्ये झाडातली इतर द्रव्येही असतात, टीएचसी काढून टाकलेले असते, निदान तसा दावा असतो. फुल स्पेक्ट्रममध्ये थोडे टीएचसी राहतेच. 'फुल' म्हणजे उत्तम, ही समजूत विक्रेत्यांची. जहाजावर नोकरी करणाऱ्याला किंवा खेळाडूला हेच थोडेसे टीएचसी लघवीच्या तपासणीत महागात पडू शकते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून सीबीडी बंदीच्या यादीतून काढले, टीएचसी नाही. शिवाय लेबल खरेच असते असेही नाही. अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जेमतेम २६ बाटल्यांवरचा सीबीडीचा आकडा बरोबर निघाला. १८ बाटल्यांत टीएचसी सापडले.

हेम्प सीड ऑइल (भांगेच्या बियांचे तेल) म्हणजेच सीबीडी तेल? मुळीच नाही. सीबीडी असते फुलांवरच्या आणि पानांवरच्या चिकट राळेत. बियांत ते जवळपास नसतेच. कुमाऊंत याच बियांची चटणी करतात आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये बिया, त्यांचे तेल आणि पीठ अन्न म्हणून मान्य केले. तेल चांगले आहे, खावे. औषधी गुणाचे पैसे मात्र मोजू नयेत.

कायद्याचे काय? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या व्याख्येत चरस आणि गांजा येतात. नुसती पाने आणि बिया येत नाहीत. याच फटीतून पानांपासून केलेली औषधे आयुर्वेदिक परवान्यावर 'विजया' नावाने विकली जातात. पण औषध नियमांत बिया सोडून भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि पोटात घ्यायच्या अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना छापणे बंधनकारक आहे. अमेरिकेत २०१८ च्या शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या हेम्पला मोकळीक दिली. तशी टक्केवारीची सूट आपल्या कायद्यात नाही. मुलाने तिकडून आईच्या गुडघ्यांसाठी फुल स्पेक्ट्रमची बाटली बॅगेत घालून आणू नये. सिंगापूरमार्गे तर नकोच, तिथला कायदा आणखी कडक आहे.

घ्यायचेच ठरले असेल, तर बाटली आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. आणि फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.