जॅक उचलतो, टेकू धरतो



बैलगाडीच्या जोडीला आता दारात मोटार, जीप, पिकअप, ट्रॅक्टर आणि ट्रॉली आली. चाक पंक्चर होतं, ब्रेक घासायला लागतात, खालून तेल गळायला लागतं. दर वेळी तालुक्याच्या गॅरेजला जाणं परवडत नाही. मग घरचाच माणूस जॅक लावतो आणि गाडीखाली सरकतो. काम पाच मिनिटांचं असतं, पण त्याच पाच मिनिटांत गाडी खाली बसली तर घरचा कर्ता माणूस जातो. रेडिओवर याविषयी जे सांगितलं ते हाताशी असावं, म्हणून हे पत्रक.

सगळ्या पत्रकाचं सार एका ओळीत आहे. जॅकचं काम गाडी उचलण्याचं. ती धरून ठेवण्याचं काम टेकूचं. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं, छाती, हात, पाय काहीही घालू नये.

हे आपल्याला नवीन नाही. बैलगाडीच्या आसाला वंगण घालताना जाणती माणसं गाडीची एक बाजू उचलली, की आधी खाली भक्कम टेकू देत आणि मगच चाक बाहेर ओढत. उचलून धरणाऱ्या गड्याच्या भरवशावर कोणी खाली हात घालत नसे. जॅक म्हणजे तो गडीच समजा. ताकद मोठी, पण त्याचा दम कधी सुटेल ते सांगता येत नाही.

जॅक दगा का देतो?

तेलाच्या जॅकमध्ये एक लहान आणि एक मोठा दट्ट्या असतो. लहान दट्ट्यावर दाब दिला, की तेल मोठ्या दट्ट्याखाली जातं. मोठ्या दट्ट्याचं तोंड लहानाच्या वीसपट असेल, तर जोरही वीसपट होतो. म्हणून एका हाताने गाडी उचलली जाते. पण सगळा भार आतल्या तेलावर आणि ते अडवणाऱ्या रबरी सीलवर असतो. सील फाटलं, झडपेत कचरा अडकला किंवा कोणाचा धक्का लागून झडप सैल झाली, तर तेल परत फिरतं आणि गाडी खाली येते.

जॅकमध्ये हायड्रॉलिक तेलच घालावं. ब्रेक ऑइल हाताशी आहे म्हणून ते ओतू नये. त्याने आतली सीलं फुगतात आणि खराब होतात.

मोटारीबरोबर जो कात्रीसारखा स्क्रू जॅक मिळतो त्यात तेल नसतं, त्यामुळे गळण्याची भीती नाही. पण त्याची बैठक अरुंद असते. गाडी जराशी पुढेमागे सरकली, की तो आडवा होतो. तो जॅक रस्त्यात चाक बदलण्यापुरताच दिलेला आहे.

जॅकवर किती टन ते लिहिलेलं असतं. उचलायच्या भारापेक्षा जॅक नेहमी मोठा घ्यावा. जुना जॅक असेल, तर खाली कोणी नसताना गाडी थोडी उचलावी आणि दहा मिनिटं तशीच ठेवून बघावी. तेवढ्यात ती खचली, तर तो जॅक दुरुस्तीला द्यावा.

लहान मोटार झाली तरी तिचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास असतं, म्हणजे ५० किलोची १५ पोती. जीप आणि ट्रॅक्टर त्याहून कितीतरी जड. छातीवर असा भार आला, तर हाड मोडलं नाही तरी श्वास बंद पडतो.

जागा कशी निवडावी?

सपाट आणि टणक जागा हवी. उतारावर गाडी उचलूच नये. आपल्या काळ्या जमिनीचा भरवसा नसतो. वरून सुकलेली दिसते, पण आत ओल असली की जॅक एका बाजूला रुततो आणि गाडी कलंडते. म्हणून जॅकखाली आणि टेकूखाली जाड लाकडी फळी घालावी.

फळीने काय होतं ते हिशेबाने बघा. जॅकची बैठक १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आहे आणि तिच्यावर ५०० किलो भार आला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो दाब पडतो. तोच भार ४० सेंटिमीटर लांब-रुंद फळीवर आला, तर दाब एक तृतीयांश किलोहूनही कमी होतो. पण फळी जाड हवी. पातळ फळी वाकते, मोडते आणि तिचा उपयोग होत नाही.

गाडी उचलताना

१. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून चावी खिशात घाला. आतली माणसं उतरवा, माल उतरवा.

२. जी चाकं जमिनीवर राहणार, त्यांना पुढून आणि मागून लाकडी पाचर घट्ट बसवा. गिअर आणि हँडब्रेक असताना पाचर कशाला, अशी शंका अनेकांना येते. बहुतेक मोटारींत हँडब्रेक मागच्या दोन चाकांनाच लागतो. मागची बाजूच उचलली, तर तो कशाला धरणार? गिअरचंही तसंच. इंजिनाचा जोर दोन चाकांना वाटून देणारा डिफरन्शिअलचा गोळा असतो. त्यातलं एक चाक अधांतरी झालं, की ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाकही सरकू शकतं. म्हणून पाचर हवीच.

३. चाक काढायचं असेल, तर त्याचे नट गाडी जमिनीवर असतानाच जरा सैल करा. उचललेल्या गाडीवर पान्याला हिसके देऊ नका.

४. जॅक योग्य जागी लावा. मोटारीला दारांच्या खालच्या कडेशी मजबूत केलेल्या जागा असतात. गाडीच्या पुस्तकात त्या दाखवलेल्या असतात. जीप आणि पिकअपला चेसिसचा दांडा किंवा आस चालतो. इंजिनाचं तेलाचं चेंबर, गिअरबॉक्स, सायलेन्सर किंवा तळाचा पातळ पत्रा यांना जॅक लावू नये.

५. थोडं थोडं उचला. जॅक तिरका होतोय असं दिसलं, की लगेच खाली घेऊन पुन्हा लावा. कामापुरतीच उंची घ्या.

६. आता टेकू द्या आणि गाडी हळूच खाली घेऊन टेकूवर बसवा. जॅक तिथेच, नुसता टेकलेला राहू द्या. बाहेर उभं राहून गाडी हाताने ढकलून बघा. हलली, करकरली, तर टेकू पुन्हा नीट लावा.

७. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं टाका. टेकू निसटलाच, तर गाडी आधी त्या चाकावर बसेल.

टेकू कशाचा असावा?

सगळ्यांत चांगला लोखंडी स्टँड. रुंद पायांचा, वर खोबण असलेला आणि भार लिहिलेला. गाडीची एक बाजू उचलायची तर दोन लागतात. एक जोडी दोन-तीन घरांनी मिळून घेतली तरी भागतं.

स्टँड नसेल, तर जाड चौकोनी लाकडाचे तुकडे आडवे-उभे थर देऊन रचावेत. लाकूड निबर असावं. किडलेलं, तडकलेलं नको. थराची उंची बैठकीच्या रुंदीपेक्षा जास्त नको.

विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे आणि दगड टेकूला वापरू नयेत. वीट भिंतीत भार सोसते, कारण तिथे तो सगळीकडे सारखा पडतो. इथे आसाचा भार एका टोकावर येतो. मग वीट आधी काही न सांगता फुटते. दगड डगमगतो. लाकूड निदान करकरून इशारा तरी देतं.

ट्रॅक्टर आणि ट्रॉलीसाठी

ट्रॅक्टरचा पुढचा आस मधल्या पिनेवर झुलता असतो. उंचसखल रानात चालायला ते बरं, पण मागचं चाक उचललं की सगळा ट्रॅक्टर त्या पिनेवर एका बाजूला कलू शकतो. म्हणून उचलण्याआधी पुढचा आस आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकावी. ट्रॅक्टरचे ब्रेक साधारणपणे मागच्याच चाकांवर असतात, तेव्हा पुढच्या चाकांनाही पाचर द्यावी.

दोनचाकी ट्रॉलीचं चाक काढताना ती ट्रॅक्टरला जोडलेलीच राहू द्या. सोडली आणि भार आसाच्या मागे असला, तर दांडा वर उडतो. उसाने भरलेली ट्रॉली रस्त्यात पंक्चर झाली, तर जॅक लावण्याआधी माल उतरवावा. वेळ जातो, मजुरी पडते, हे खरं. पण माणूस गेला तर तो परत येत नाही.

उचललेली टिपर ट्रॉली आणि लिफ्टवर वर घेतलेला रोटाव्हेटर हेही तेलावरच उभे असतात. नळी फुटली किंवा लिव्हरला धक्का लागला, की खाली येतात. पाती साफ करायची तर इंजिन बंद करावं आणि रोटाव्हेटर जमिनीवर उतरवावा किंवा खाली टेकू द्यावा.

काम चालू असताना आणि संपल्यावर

एकट्याने खाली जाऊ नये. हाकेच्या अंतरावर कोणी तरी हवं. पोरं आणि जनावरं लांब ठेवावीत. खाली माणूस असताना कोणी गाडीत बसू नये, इंजिन चालू करू नये. घट्ट बसलेला बोल्ट खाली झोपून जोराने हिसकू नये.

काम झालं की खालची माणसं आणि हत्यारं बाहेर आहेत ना ते बघा. गाडी जॅकवर जराशी उचला, टेकू काढा आणि झडप हळूहळू सोडा. चाकाचे नट समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळा आणि शेवटचं घट्ट आवळणं गाडी जमिनीवर आल्यावर करा. थोडं अंतर चालवून पुन्हा एकदा तपासा.

दुर्दैवाने कोणी खाली सापडलं, तर पाय धरून ओढू नका. गाडी पुन्हा जॅकने किंवा भक्कम पहारीने उचला, टेकू द्या, मगच माणूस बाहेर काढा. एकाने लगेच १०८ ला फोन करावा. वरून जखम दिसली नाही तरी दवाखान्यात न्यावं, कारण पोटात, छातीत रक्तस्राव होऊ शकतो.

जाता जाता

सपाट जागा, चाकाला पाचर, जॅकखाली फळी, गाडीखाली टेकू, मग हाताने ढकलून बघणं. या पाच गोष्टी झाल्या, तरच खाली जायचं. गाडी चालवणाऱ्या पोराला हे पत्रक एकदा वाचून दाखवा आणि जॅक जिथे ठेवता तिथेच भिंतीला लावून ठेवा.