कळ, चमक आणि मुरडा

पाळीच्या दिवसांत ओटीपोटात येणारी वेदना एका जागी बसून राहत नाही. ती कंबरेत उतरते, मांड्यांच्या आतल्या बाजूने खाली जाते, माकडहाडाशी ठणकते आणि कधी अगदी अवचित योनीत किंवा शौचाच्या जागी सुरी खुपसल्यासारखी चमकून जाते. रेशनच्या रांगेत उभी असलेली बाई त्या क्षणी जागच्या जागी थिजते, समोरचा कठडा धरते आणि कोणी विचारलेच तर पायात गोळा आला म्हणून सांगते. पोट दुखते हे चारचौघांत बोलता येते. पोटाच्या खाली नेमके कुठे दुखते हे सांगताना दवाखान्यातसुद्धा जीभ अडखळते. दुखण्याच्या तऱ्हांना मात्र मराठीत नावांची ददात नाही: कळ, चमक, मुरडा, ठणका, ओढ, रग. यातले बरेच शब्द कारणाकडेही बोट दाखवतात. म्हणून तपासायला गेलेल्या बाईने ‘खूप दुखतं’ एवढ्यावर थांबण्याऐवजी ही तऱ्हा सांगितली तर निदानाचे काम पुष्कळ सोपे होते.

कळ लाटेसारखी चढते आणि ओसरते. बाळंतपणाच्या वेदनांनाही मराठीत कळाच म्हणतात, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते अचूक आहे, कारण दोन्ही वेळी गर्भाशयाचा स्नायूच आवळत असतो. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक घसरते, गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात. ती स्नायूला आवळायला लावतात. ज्यांच्यात ती जास्त तयार होतात त्यांच्या गर्भाशयातला दाब आकुंचनाच्या भरात 120 मिलिमीटर पाऱ्याच्याही वर जातो. निरोगी माणसाच्या रक्तदाबाचा वरचा आकडा साधारण तेवढाच असतो. म्हणजे काही क्षण त्या स्नायूचा रक्तपुरवठाच दाबला जातो, आणि रक्ताविना राबणारा स्नायू दुखतो. हृदयाला रक्त कमी पडले की छातीत कळ येते, ती याच तत्त्वाने.

प्रोस्टाग्लँडिन हे नाव 1935 साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी दिले. हे द्रव्य वीर्यात आढळले होते आणि ते प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावे अशी तेव्हा समजूत होती. बायकांना महिन्याच्या महिन्याला छळणाऱ्या द्रव्याला पुरुषाच्या ग्रंथीचे नाव चिकटले, ते तसेच राहिले. पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारे काहीतरी आहे हे व्ही. आर. पिकल्स यांनी 1957 मध्ये दाखवले. अॅस्पिरिनच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत हा जॉन व्हेन यांचा शोध 1971चा. तोवर, आणि त्यानंतरही काही काळ, या दुखण्याचे खापर बाईच्या मनावर फोडले जाई. घरोघरी ते अजूनही फोडले जाते, तो भाग वेगळा.

हे साधे दुखणे बहुधा पहिल्या पाळीपासून सुरू होत नाही. सहा महिने ते वर्षभराने बीजांड नियमित सुटू लागले की ते येते. त्यामुळे ‘आधी तर काही नव्हतं’ हा आईचा प्रश्न रास्त असला, तरी त्यात घाबरण्यासारखे काही नाही. स्रावाच्या काही तास आधी किंवा स्रावासोबत कळा सुरू होतात, पहिल्या 48 तासांत जोर करतात आणि तिसऱ्या दिवसापर्यंत विरतात. ‘लग्न झालं की थांबेल’ या आश्वासनाला शरीरशास्त्रात आधार नाही. बाळंतपणानंतर काहींचे दुखणे कमी होते, काहींचे होत नाही.

मुरडा हा त्याच द्रव्यांचा दुसरा पराक्रम. ती आतड्याच्या स्नायूंनाही सोडत नाहीत. म्हणून पाळीच्या पहिल्या दिवशी दोन-तीनदा पातळ शौचाला होणे, मळमळणे, उलटी होणे हे नेहमीचे आहे. आदल्या रात्रीच्या जेवणावर उगाच संशय घेतला जातो. वेदनेचा जोर फार झाला तर दरदरून घाम सुटतो, कानात आवाज येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी रक्तदाब एकाएकी उतरलेला असतो. बाईला उभे धरून ठेवण्यापेक्षा आडवे करून पाय उशीवर किंवा स्टुलावर उंच ठेवले, की मिनिटा-दोन मिनिटांत चेहऱ्यावर रंग परततो.

सर्वांत अडचणीची असते ती चमक. गर्भाशयाच्या मागे लगेच मलाशय आहे आणि पुढे मूत्राशय. या तिन्हींच्या संवेदना वाहणाऱ्या नसा मणक्याच्या तळाशी जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात, त्यामुळे दुखते एकीकडे आणि मेंदूला जाणवते दुसरीकडे. त्यातच ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू असतात. योनी, मूत्रमार्ग आणि गुदद्वार यांच्याभोवती ते झोळीसारखे पसरलेले असतात. वरच्या कळांच्या धास्तीने बाई नकळत हे स्नायू आवळून धरते, आणि आवळलेल्या स्नायूत पेटका येतो. गुदद्वाराच्या आत काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत टिकणारी आणि मागमूस न ठेवता जाणारी अशी चमक पुरुषांनाही येते. डेन्मार्कच्या थायसेन यांनी 1935 साली तिचे वर्णन ‘प्रॉक्टाल्जिया फ्युगॅक्स’, म्हणजे पळून जाणारे गुददुखणे, या नावाने केले. नाव भारदस्त असले तरी अधूनमधून येणारी आणि आपोआप जाणारी ही चमक निरुपद्रवी असते. ती पुष्कळदा झोपेतून उठवते, आणि काहीजणींच्या बाबतीत तिने पाळीचेच दिवस गाठलेले असतात.

चमक आली की दातओठ खाऊन आवळून धरण्याचा मोह होतो, आणि तोच नडतो. उलट करायला हवे. बसायला मिळाले तर पुढे वाकून कोपर मांड्यांवर टेकावेत, पोट फुगेल असा श्वास घ्यावा आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोडावा. श्वास सोडताना लघवी सुरू करताना करतो तसे खालचे स्नायू सैल सोडावेत. घरी असल्यास कुशीवर निजून गुडघे छातीशी घेणे किंवा टबात कोमट पाणी घेऊन दहा मिनिटे बसणे याचा उपयोग होतो. बसमध्ये किंवा कचेरीत यातले श्वासाचे तेवढे जमते, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. वारंवार असे होत असेल तर या स्नायूंना सैल व्हायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांत आता भेटतात.

दोन पाळ्यांच्या मध्यावर, एकाच कुशीला, काही मिनिटांपासून एक-दोन दिवसांपर्यंत टिकणारे दुखणे बीजांड सुटण्याचे असते. या महिन्यात उजवीकडे, कधी पुढच्या महिन्यात डावीकडे. तारीख मांडून ठेवणारीला ते ओळखू येते. इतरांना अपेंडिक्सची शंका येते.

खरी काळजी करायची ती वेदना वेळापत्रक मोडते तेव्हा. विशी-तिशीत नव्याने सुरू झालेले, वर्षागणिक वाढणारे, पाळीच्या आठवडाभर आधीपासून ओढ लावणारे आणि पाळी संपल्यावरही रेंगाळणारे दुखणे साध्या कळांचे नसते. गर्भाशयातल्या गाठी, अस्तर स्नायूच्या आत शिरणे, जंतुसंसर्ग, नुकतीच बसवलेली तांबी अशी कारणे त्यामागे असू शकतात. पण सर्वांत जास्त हुलकावणी देते ते एंडोमेट्रिओसिस. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखे पेशीजाल गर्भाशयाच्या बाहेर रुजते: बीजकोशावर, गर्भाशय आणि मलाशय यांच्यामधल्या खोलगट जागेत, कधी आतड्यावर. महिन्याच्या चक्राबरोबर तेही सुजते, तिथे दाह होतो आणि हळूहळू चिकटे तयार होतात. पाळीत शौचाला बसताना दर महिन्याला कळ येत असेल, शरीरसंबंधाच्या वेळी आत खोल दुखत असेल, तर याचा विचार आधी करावा लागतो. ज्या खुणांची सर्वांत जास्त लाज वाटते त्याच निदानाला सर्वांत उपयोगी पडतात, आणि नेमक्या त्याच सांगायच्या राहून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के, म्हणजे जगभरात 19 कोटी मुली-बायकांना हा आजार आहे, आणि लक्षणे सुरू झाल्यापासून निदान व्हायला 4 ते 12 वर्षे जातात.

काही वेदनांना थांबायला वेळ नसतो. पाळी चुकलेली असताना एका बाजूला तीव्र दुखणे, चक्कर, खांद्याच्या टोकाशी कळ ही गर्भनलिकेत गर्भ राहिल्याची लक्षणे असू शकतात. आत रक्तस्राव होत असतो. बीजकोशाला पीळ पडला तर एका कुशीत एकाएकी असह्य दुखते आणि उलट्या होतात. दुखण्याबरोबर ताप आणि दुर्गंधी स्राव असेल किंवा तासाला एक पॅड भिजत असेल, तर शेक देत घरी बसू नये.

साध्या कळांवरच्या औषधाचे यश बरेचसे घड्याळावर असते. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन आणि मेफेनॅमिक अॅसिड ही औषधे प्रोस्टाग्लँडिन तयार होण्याआधीच अडवतात; एकदा ते सुटले की औषध त्याच्या मागे धावते. असह्य झाल्यावर घ्यायची म्हणून पर्समध्ये राखून ठेवलेली गोळी म्हणूनच फसते. कळ सुरू होताच, किंवा पाळी नियमित असेल तर आदल्या दिवसापासून, पोटात काही खाऊन, सांगितलेल्या अंतराने दोन-तीन दिवस ती घ्यायची असते. दहातल्या एक-दोघींना तरीही आराम पडत नाही, आणि तेव्हा दुसरे कारण शोधावे लागते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय सर्रास मागितली जाते ती मेफेनॅमिक अॅसिडची गोळी. तिच्यामुळे क्वचित ताप, अंगावर पुरळ आणि अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, असा इशारा भारतीय औषधकोश आयोगाने 2023 साली नोव्हेंबरअखेर दिला. ही प्रतिक्रिया सहसा औषध सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी येते, म्हणून तिचा संबंध गोळीशी जोडलाच जात नाही. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा वेदनाशामकांनी उसळणारा दमा असेल, गर्भ राहण्याची शक्यता असेल, किंवा डेंग्यूचा संशय येण्याजोगा ताप असेल, तर या जातीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

आजीचा शेक मात्र कसोटीला उतरला आहे. पोटावर 39 अंश सेल्सिअसच्या आसपास सतत ऊब देणाऱ्या पट्टीने 400 मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन दिवसातून तीनदा घेण्याइतकाच आराम पडतो, असे 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. म्हणजे हवी ती ऊब, चटका नव्हे. उकळत्या पाण्याची पिशवी रोज थेट कातडीवर ठेवणाऱ्यांच्या पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात. पिशवीभोवती पंचा गुंडाळावा. सुंठीच्या चूर्णावरच्या छोट्या चाचण्यांचे निकाल बरे आहेत. आठवड्यातून तीनदा पाऊण ते एक तास व्यायामाचाही उपयोग होतो, पण तो महिनाभर केला तर. कळ आल्यावर सूर्यनमस्कार घालायला सांगणे हा छळ आहे.

एवढ्याने भागले नाही की संप्रेरकांच्या गोळ्या किंवा संप्रेरक सोडणारी तांबी येते. अस्तर पातळ राहिले की त्यातून सुटणारे प्रोस्टाग्लँडिनही कमी होते. ‘गोळ्यांनी पुढे मूल होत नाही’ ही भीती निराधार आहे.

शेवटचा उपाय शस्त्रक्रियेचा, आणि तो पहिला म्हणून वापरला गेल्याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांत ‘पिशवी काढण्याचे’ प्रमाण फार असल्याची ओरड झाल्यावर राज्य सरकारने 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकाचा खाडा पडला की दोघांचे पैसे कापले जातात. फडावर ना संडास ना आडोसा, आणि पाळीचे दुखणे म्हणजे बुडालेला रोज. गाठ, संसर्ग की साध्या कळा हे न पाहता पिशवी गेली तर मूळ कारण शरीरात राहूही शकते, कारण एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाच्या बाहेरच असते. सोबत बीजकोशही काढले तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात.

डॉक्टरांकडे जाताना सर्वांत उपयोगी कागद म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर. दुधाच्या खाड्यांशेजारी पाळीची तारीख टिपलेली असतेच. त्याच चौकोनात कळ की चमक, कुठे, किती मिनिटे, शौच किंवा लघवीच्या वेळी का, गोळी किती वाजता घेतली, एवढे तीन महिने लिहिले की अर्धे निदान झालेले असते. तोंडाने सांगायला संकोच वाटत असेल तर तो कागद नुसता पुढे केला तरी चालतो. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी असलेल्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये मुलींना हे सगळे विचारता येते. लग्न न झालेल्या मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न नेण्यामागे आतून तपासतील ही धास्ती असते. प्रत्यक्षात पहिल्या भेटीत बहुधा प्रश्न विचारले जातात, पोट चाचपले जाते आणि सोनोग्राफी पोटावरून होते. तिला मूत्राशय भरलेले लागते, म्हणून आधी तासभर चार-पाच ग्लास पाणी पिऊन थांबावे लागते. सोनोग्राफीत गाठी आणि बीजकोशावरच्या पुटी दिसतात, पण एंडोमेट्रिओसिसचे बारीक ठिपके दिसत नाहीत. रिपोर्टवर नॉर्मल लिहिलेले असूनही दुखणे तसेच राहिले, तर एमआरआय किंवा दुर्बिणीतून तपासणीबद्दल विचारावे.