फांदीवरचं झाड, दिवाणखान्यातली कुंडी

गृहप्रवेशाला किंवा दिवाळीला मिठाईच्या डब्याऐवजी ऑर्किडची कुंडी द्यायची पद्धत शहरांत आता चांगलीच रुळली आहे. वाकलेल्या दांड्यावर पतंग ओळीनं बसावेत तशी पांढरी-गुलाबी फुलं. ती दोन-तीन महिने टिकतात. मग एकेक गळतं, आणि घरातलं कुणीतरी उघड्या दांड्याकडे बघून म्हणतं, ‘गेलं वाटतं.’ बहुतेकदा ते गेलेलं नसतं. त्याला मारलं जातं ते त्यानंतर, आणि तेही मायेनं: मोठ्या कुंडीत, शेणखत घातलेल्या मातीत लावून, तुळशीबरोबर रोज तांब्याभर पाणी घालून.

हे झाड म्हणजे फॅलेनॉप्सिस. कार्ल ब्लूम या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२५ मध्ये या प्रजातीला हे नाव दिलं. इंडोनेशिया, फिलिपिन्सच्या दमट जंगलांत ते मोठ्या झाडांच्या फांद्यांना मुळांनी घट्ट धरून राहतं. बांडगुळासारखं यजमानाचा रस मात्र शोषत नाही. सालीवरून ओघळणारं पावसाचं पाणी आणि फटींत साचलेला पालापाचोळा एवढ्यावर त्याचं भागतं. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडाला सह्याद्रीतल्या झाडांवर सीतेची वेणी लोंबते, तिचाही संसार असाच.

मुळं बघितली की सगळा उलगडा होतो. ती जाड, पांढुरकी असतात. वरचं आवरण मृत पेशींचं असतं, आणि ते पाणी चटकन टिपून घेतं. ओलं झालं की आतला हिरवा रंग दिसतो, वाळलं की मूळ पुन्हा चंदेरी होतं. पाणी कधी घालायचं याचं याहून चांगलं उत्तर कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. म्हणून कुंडी पारदर्शक प्लास्टिकची, खाली-बाजूला भोकं असलेली घ्यावी. मुळं चंदेरी दिसली की भरपूर पाणी द्यावं, ते पूर्ण निथळू द्यावं आणि मग विसरून जावं. नागपूरच्या उन्हाळ्यात ही वेळ दोन-तीन दिवसांनी येईल, कोकणातल्या श्रावणात दहा दिवसांनीही येणार नाही. ‘आठवड्यातून एकदा’ हा लेबलवरचा सल्ला त्यामुळे मला निरुपयोगी वाटतो.

माती नकोच. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा आणि मिळाली तर झाडाची साल, एवढं पुरतं. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चिखलात ती गुदमरून कुजतात. विकत आणलेल्या रोपाच्या मुळांभोवती बरेचदा शेवाळाचा घट्ट गोळा असतो. रोपवाटिकेच्या आणि वाहतुकीच्या दृष्टीनं ते सोयीचं असतं. आपल्या पावसाळ्यात मात्र तो गोळा वाळता वाळत नाही.

आणखी एक खोच आहे. रानात हे झाड तिरपं लोंबतं, त्यामुळे पोंग्यात पडलेलं पाणी वाहून जातं. कुंडीत आपण त्याला ताठ उभं करतो, पाणी पोंग्यातच साचतं आणि झाड तिथून सडायला लागतं. याला एकच शेंडा असतो, तो सडला की वाढ थांबली. तेव्हा पाणी सकाळी द्यावं आणि पोंगा ओला झालाच तर कापसानं टिपावा.

उजेड हवा, पण पानांच्या छताखालून झिरपतो तसा. पूर्वेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या खिडकीला पातळ पडदा. पान गर्द हिरवं झालं तर उजेड कमी पडतोय. अशा झाडाची पानं छान दिसतात आणि फुलं येत नाहीत.

फुलांचं खरं गुपित तापमानात आहे. सतत अठ्ठावीस-तीस अंशांच्या वर राहिलं तर हे झाड पानंच काढत बसतं. काही आठवडे हवा गार राहिली, रात्री अठरा-वीस अंशांच्या आसपास आल्या, की दांडा फुटतो. पुण्या-नाशकात हे काम दिवाळीनंतरची थंडी आपसूक करते. झाड फक्त खिडकीजवळ ठेवायचं आणि पारा फारच उतरला तर आत घ्यायचं. मुंबईकरांना डिसेंबर-जानेवारीची वाट बघावी लागते. एसीची खोली चालेल, पण कोरड्या हवेचा झोत थेट कळ्यांवर नको. कळ्या पिवळ्या पडून गळतात.

कळ्या गळण्याचं दुसरं कारण आपल्याच घरात पिकत असतं. आंबे, केळी पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि या फुलांना तो अजिबात सोसत नाही. मे महिन्यात आंब्याची अढी घातलेल्या खोलीत ही कुंडी ठेवू नये. धुरातही इथिलीन असतं, त्यामुळे उदबत्तीशेजारची जागाही बाद.

जाता जाता, बाजारातलं गडद निळं फॅलेनॉप्सिस रंग टोचून केलेलं असतं. पुढचा बहर पांढरा आला तर तुमचं काही चुकलेलं नाही.

फुलं संपल्यावर दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या थोडं वर कापावा. तिथून बरेचदा नवी फांदी फुटते. झाड अशक्त असेल तर हा मोह टाळून दांडा बुडापासून काढावा. दर दोनेक वर्षांनी, बहर ओसरल्यावर, सोडण बदलावं. कुजकी मुळं कापून टाकावीत आणि नवी कुंडी जुनीपेक्षा फार मोठी घेऊ नये. खत द्यायचं तर पाकिटावरच्या मात्रेच्या पाव हिश्शानं, तेही मुळं ओली असताना.