जुन्या जीपचा छंद आणि माळरानाची वाट

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी किंवा फार तर कॅमेरा येतो. पण गेल्या काही वर्षांत एक दणकट छंद पुण्या-मुंबईहून निघून तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोचला आहे. जुनी फोर-व्हील जीप विकत घ्यायची, ती स्वतः उभी राहून दुरुस्त करून घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी डांबरी रस्ता सोडून ओढ्यातून, खडीतून, चढणीवरून चालवायची. याला ऑफ-रोडिंग म्हणतात. जाहिरातीत आणि मोबाईलवर या छंदाची एकच बाजू दिसते, चिखल उडवणारी चाके. दुसरी बाजू म्हणजे गाडीखाली झोपून ग्रीस भरणे, खर्चाचा हिशेब ठेवणे आणि कुठे गाडी घालायची नाही हे ओळखणे. खरे तर छंद या दुसऱ्या बाजूतच आहे.

जीप आली कुठून?

जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकन लष्कराला कुठेही जाणारी हलकी गाडी हवी होती. बँटम, विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी १९४० आणि १९४१ मध्ये तिचे नमुने तयार केले आणि युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलिस जीपचे सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करायला सुरुवात केली. पुढे तीच जीप इथेच बनू लागली. नाव बदलले, इंजिन पेट्रोलचे डिझेल झाले, लांबी वाढली, पण सांगाडा ओळखीचाच राहिला. सीजे, एमएम ५४०, कमांडर ही सारी त्याच घराण्यातली. २०१० साली आलेल्या पहिल्या थारच्या तोंडवळ्यातही ती जुनी जीप दिसत होती.

याशिवाय डिसेंबर १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि २०१८-१९ पर्यंत बाजारात मिळत राहिली. वजन टनाच्या आसपास, त्यामुळे चिखलात ती जड गाडीपेक्षा कमी रुतते. जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली जोंगाही काही शौकिनांकडे दिसते.

आपल्या खेड्यापाड्यांना जीप शौकाची म्हणून माहीत नव्हती. ती साहेबांची होती, दुष्काळाच्या पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांची होती, निवडणुकीच्या प्रचाराची होती. पुढे ती वडापची झाली आणि आठ माणसांच्या जागेत पंधरा माणसे बसवून बाजारगावाला नेऊ लागली. आज तीच गाडी एखादा नोकरदार किंवा शेतकऱ्याचा मुलगा हौसेने दारात उभी करतो, यात आनंद वाटावा असेच काही आहे.

दुसरा दांडा कशासाठी?

सगळ्याच जीप फोर-व्हील नसतात. वडापच्या अनेक गाड्या साध्या, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या होत्या. घेताना गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा आहे का ते आधी पाहावे. नंतर गाडीखाली वाकून पुढच्या ॲक्सलला मधोमध गोळा आहे का, आणि त्यात येणारा शाफ्ट जागेवर आहे का तेही पाहावे. कारण दांडा असतो आणि शाफ्ट काढून टाकलेला असतो, असेही घडते.

गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर नावाची पेटी असते. दुसरा दांडा टाकला की ती इंजिनची ताकद पुढच्या चाकांनाही वाटून देते. ‘लो’मध्ये टाकले की जुन्या जीपची ओढ सुमारे अडीच पट होते आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. म्हणजे फोर-व्हील हे पळण्याचे साधन नसून सावकाश चालण्याचे आहे.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली अशी की, वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माती असेल तर चाक थोडे घसरून हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर तसे घसरता येत नाही. मग सारा ताण शाफ्टच्या क्रॉसवर आणि गिअरवर येतो. म्हणून पक्क्या कोरड्या रस्त्यावर जुनी जीप फोर-व्हीलमध्ये चालवू नये. दुसरी अशी की, चारही चाकांना ताकद मिळते म्हणजे गाडी कधीच अडकत नाही, असे नाही. एका कोपऱ्यातले पुढचे आणि समोरच्या कोपऱ्यातले मागचे चाक अधांतरी झाले, तर तीच दोन चाके गरगर फिरतात आणि जमिनीवरची दोन स्वस्थ बसतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत राहणारा माणूस फक्त खड्डा खोल करतो. खाली उतरावे, फावडे घ्यावे, चाकाखाली दगड भरावेत.

केमचा धडा

करमाळा तालुक्यातले केम हे कुंकवासाठी नाव असलेले गाव. पुणे-सोलापूर लोहमार्गावर कुर्डुवाडी आणि जेऊर यांच्या दरम्यान त्याचे स्टेशन लागते. जवळच्या कुर्डुवाडीत बार्शी लाईट रेल्वेच्या काळापासून रेल्वेचा कारखाना आहे. म्हणजे लोखंडाशी बोलणाऱ्या हातांची या भागाला जुनी ओळख आहे. केमच्या माणसाला ऑफ-रोडिंगसाठी लांब कुठे जावे लागत नाही. काळ्या रानातली पावसाळ्यातली वाट हीच मोठी परीक्षा. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि मग चाक गुळगुळीत लाटण्यासारखे फिरते. मुरमाड माळावर जी गाडी सहज चढते, ती काळ्या रानात पन्नास पावलांत बसते. उजनी जलाशयाच्या काठची गाळाची जमीन तर आणखी फसवी. वरून पापुद्रा वाळलेला, आत चिखल. तिथे पायी चालून काठीने पाहिल्याशिवाय गाडी घालू नये.

पण खरा धडा माळाचा आहे. गावाबाहेरचा माळ पाहून ‘मोकळीच जागा आहे, घाला गाडी’ असे वाटते. ही जागा मोकळी नाही. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली जे अभयारण्य जाहीर झाले, त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या इतर तालुक्यांबरोबर करमाळ्यातली जमीनही होती. नंतर त्याचे क्षेत्र कमी झाले आणि माळढोकही संपत आला. देशभरात आता तो दीडशेच्या आसपास उरला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माळढोकाची मादी घरटे बांधत नाही, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. आपल्याकडे तिच्या विणीचा काळ पावसाळ्याचा, आणि ऑफ-रोडिंगच्या हौसेचाही काळ तोच! टिटवी, चंडोल हेही जमिनीवरच अंडी घालणारे. चालकाच्या जागेवरून ती अंडी दिसणे शक्य नाही. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणे हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. हद्दीबाहेरही आपली समज गप्प राहू नये.

आणि माळावर केवळ पक्षीच राहत नाहीत. गायरान म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या शेळीचा घास. ओल्या माळावर जीप फिरली की माती दबते, चाकोऱ्या पडतात, पुढच्या पावसात त्यांचे ओघळ होतात आणि गवत जाते. शेताचा बांध एकदा चाकाने फुटला की पाणी आणि माती दोन्ही वाहून जातात. कुणाच्या तरी वर्षाच्या ज्वारीवर आपली एका रविवारची मौज उभी राहू नये. म्हणून नियम साधा ठेवावा. असलेल्या वाटेनेच जायचे, नवी चाकोरी पाडायची नाही. रान कुणाचे ते विचारायचे आणि होकार मिळाला तरच आत जायचे. चुरस हवीच असेल, तर ती ठरवून दिलेल्या जागी करावी. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला महिंद्रने प्रशिक्षणाचे मैदान केले आहे. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंजसारखी स्पर्धा सुरू झाली. मुद्दाम आखलेल्या अशा वाटांवर हौस खुशाल फेडावी.

सांभाळणे म्हणजे काय?

जुन्या जीपसाठी एक वही करावी. तारीख, किलोमीटर, केलेले काम, खर्च आणि पुढच्या कामाची तारीख एवढे पाच रकाने पुरेत. क्रॉस, पाट्यांचे शॅकल आणि स्टिअरिंगचे सांधे यांना हजार-दीड हजार किलोमीटरच्या आत ग्रीस द्यावे. पाण्यातून गाडी काढली असेल, तर किलोमीटर न पाहता लगेच द्यावे. गिअर, ट्रान्सफर आणि दोन्ही ॲक्सलचे ऑइल पाहावे. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी गेले आहे, त्याच दिवशी बदलावे. जुने ड्रम ब्रेक भिजले की धरत नाहीत. पाण्याबाहेर आल्यावर थोडे अंतर ब्रेक हलके दाबत चालवून ते सुकवावेत. स्टिअरिंग थरथरत असेल तर त्याला ‘जुनी गाडी, चालायचेच’ म्हणू नये. किंगपिनचे बेअरिंग, टाय-रॉडचे टोक आणि पाट्यांचे बुश तपासून घ्यावेत.

ओढ्याच्या पाण्याचा मोह टाळावा. हवा घेणाऱ्या नळीतून पाणी इंजिनात गेले तर पिस्टनला ते दाबता येत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते. वाहत्या पाण्यात तर गाडीपेक्षा माणसाचा जीव मोठा. चढउतार सरळ रेषेत करावा. आडव्या उतारावर जीप कलंडते, आणि तिच्यावर कापडी टपाखेरीज काही नसते. खडकातून जाताना अंगठा स्टिअरिंगच्या आत अडकवू नये, चाकाला धक्का बसला की स्टिअरिंग उलटे फिरून अंगठा मोडतो. रुतलेली गाडी ओढताना दोर बंपरला न बांधता चॅसिसच्या हुकाला बांधावा. दोर तुटला तर तो गोळीसारखा येतो, म्हणून बायका-मुलांना आणि बघ्यांना दोराच्या दीडपट लांबीपलीकडे उभे करावे.

कागद आणि खिसा

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. त्यासोबत हरित कर येतो. नूतनीकरणाची फी २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये वाढली. इंजिन आणि चॅसिसचा क्रमांक कागदाशी जुळल्याखेरीज इसार देऊ नये. १५ वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे चालत नाही. लष्करी कामाच्या खास गाड्या सोडल्या तर त्या भंगारातच जातात. म्हणून ‘सरकारी लिलावातली जीप’ असे सांगणाऱ्याकडे कागद दोनदा मागावेत. मोठी चाके, दुसरे इंजिन अशी मनमानी फेरफार चालत नाही. कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात फरक करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, पण तशी गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही.

खिशाचेही आधीच ठरवावे. कर्ज काढून जुनी जीप घेऊ नये. खरेदीला जेवढी रक्कम काढली, तिचा निदान तिसरा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा. मुलांची फी, घरातले औषधपाणी आणि विम्याचा हप्ता यांना हात न लावता जे उरेल, त्यावर छंद चालावा. तेवढे उरत नसेल तर तिघाचौघांनी मिळून एक गाडी घ्यावी. नोंदणी एकाच्या नावावर, पण खर्चाची वही सर्वांची.

आणि गाडी दारात आली की पाना फक्त मुलाच्या हाती देऊ नका. मुलीलाही गाडीखाली वाकू द्या, प्लग काढू द्या, चाक बदलू द्या. ग्रीसने हात काळे होतात, त्याने माणूस हलका होत नाही. उलट ज्या फिटरला आपण ‘ए, इकडे ये’ म्हणून हाक मारतो, त्याच्या डोक्यात किती गणित आणि किती भूमिती आहे, हे त्या दिवशी कळते. शंभर गाड्यांचे आवाज ऐकून त्याचा कान तयार झालेला असतो. हे ज्ञान फारसे कुठल्या पुस्तकात उतरलेले नाही आणि त्याचे धनी आता म्हातारे होत आहेत. ज्याच्या दारात जुनी जीप आहे त्याने अशा फिटरला मजुरी पुरी द्यावी, ‘अहो उस्ताद’ म्हणून बोलवावे आणि तो काम करत असताना मुलांना शेजारी बसवावे.