नावेवरचं रडार: काय दिसतं आणि काय दिसत नाही



आजचा विषय ऐकून तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, "रडार? ते विमानतळावर असतं. आमचा त्याच्याशी काय संबंध?" संबंध आहे. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावरचा एक बचत गट पर्यटकांसाठी नाव घ्यायचा विचार करतोय. हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी बघायला पुण्या-मुंबईची माणसं पहाटेच येतात. पहाटे पाण्यावर धुकं असतं. गटाला कुणीतरी सांगितलं, "नावेवर रडार बसवा, मग कसलीच भीती नाही." गटातल्या ताईंनी आम्हाला विचारलं, "खरंच भीती राहत नाही का?"

आम्ही पुण्यात चौकशी केली, यंत्राची माहितीपुस्तिका वाचली, जाणकारांशी बोललो. थोडक्यात उत्तर असं: रडार हे चांगलं यंत्र आहे, पण त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही हे माहीत असेल तरच. माहीत नसेल तर ते खोटा धीर देतं, आणि पाण्यावर खोटा धीर हा धुक्यापेक्षा वाईट.

हाक आणि पडसाद

विहिरीच्या काठावर उभं राहून आत हाक मारली की आवाज परत येतो. रडार हेच करतं, फक्त आवाजाऐवजी रेडिओच्या लहरी सोडतं. नावेवर उंच जागी एक गोल डबा असतो, साधारण मोठ्या परातीएवढा. त्याच्या आत अँटेना गोल फिरत असते, मिनिटाला साधारण चोवीस फेरे. ती लहरी सोडते, समोरच्या वस्तूवर आपटून परत आलेल्या लहरी पकडते, आणि सुकाण्याजवळच्या पडद्यावर ठिपका उमटतो. लहरी सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतात. दीड किलोमीटरवरच्या बोटीवरून पडसाद यायला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. तेवढा वेळ मोजून यंत्र अंतर सांगतं.

ही कल्पना मुळात बोटींसाठीच निघाली. १९०४ साली जर्मनीत ख्रिश्चन हुल्समायर यांनी कोलोन शहरात ऱ्हाइन नदीवर असं यंत्र दाखवलं. धुक्यात बोटी एकमेकींवर आदळू नयेत हाच त्यामागचा हेतू होता. युद्धातली विमानं शोधायचं काम रडारकडे नंतर आलं.

रडारला काय दिसत नाही

आता मुख्य गोष्ट. जी वस्तू हाकेला ओ देते तीच रडारला दिसते. अंधारात बॅटरीचा झोत स्टीलच्या हंड्यावर टाकला तर हंडा चमकतो, कडब्याच्या पेंढीवर टाकला तर चमकत नाही. तसंच इथे. लोखंडी बोट, पूल, दगडी बांध चांगला पडसाद देतात. लाकडी किंवा फायबरची लहान होडी, रबरी नाव, पोहणारा माणूस, जाळ्याचे थर्माकोलचे तरंगते तुकडे यांचा पडसाद फार क्षीण असतो. पाण्यावर लाटा असतील तर तो लाटांच्या ठिपक्यांत हरवूनच जातो. म्हणजे उजनीत ज्यांना धडकायची जास्त भीती, ते मासेमारीच्या लहान होड्यांतले आपलेच भाऊबंद रडारवर दिसतीलच असं नाही.

दुसरं, पाण्याखालचं रडारला काहीही दिसत नाही. उजनीच्या पाण्यात जुनी गावं गेली. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, हे तिकडच्या बायकांना ठाऊक आहे. पाणी अर्धवट उतरलेलं असताना एखादी भिंत हातभर पाण्याखाली असेल, तर रडारच्या पडद्यावर तिथे मोकळं पाणीच दिसेल. पाण्याखालचं बघायला आवाजाच्या लहरी सोडणारं वेगळं यंत्र लागतं, आणि त्याहून आधी त्या पाण्याची माहिती असलेला माणूस लागतो.

तिसरं, वारा दिसत नाही. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली नाव उजनीत वादळी वाऱ्यात उलटली. सात जण होते. एक जण पोहून काठाला लागला, सहा जण गेले. त्यांत लहान मुलंही होती. त्या नावेवर रडार असतं तरी वाऱ्याचा झोत पडद्यावर दिसला नसता. हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगणार आहोत.

मग घ्यायचं की नाही?

नाव कुठे चालते त्यावर हे ठरतं. मोठी लाँच असेल, समुद्रात किंवा मोठ्या खाडीच्या तोंडाशी जायचं असेल, येण्याजाण्याच्या वाटेवर मोठी जहाजं असतील, रात्री किंवा धुक्यात परतायची वेळ येत असेल, तर रडार कामाचं आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवनं दाखवतात. अशा शांत खाडीत, दिवसाउजेडी, छोट्या होडीला रडारची गरज नसते. धरणाच्या पाण्यातही फेरी सूर्य वर आल्यावर, धुकं विरल्यावर सुरू केली तर गरज उरत नाही. पाहुण्यांना सांगायचं, "पक्षी कुठे पळून जात नाहीत, चहा घ्या, तासाभराने निघू." हा उपाय फुकट आहे.

आधी लाइफ जॅकेट, मग बाकी सगळं. रडारची किंमत लाखाच्या घरात जाते. तेवढ्या पैशात अख्ख्या नावेची जॅकेटं येतात, मुलांच्या मापाचीसुद्धा.

बसवताना

आता ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी. कागद-पेन्सिल घ्या.

एक, उंची. डबा जितका उंच तितकं दूरचं दिसतं. पाण्यापासून तीन मीटर उंचीवरून साधारण सात किलोमीटरपर्यंतचा पाण्याचा पृष्ठभाग नजरेत येतो. पण डब्याचं वजन पाच ते दहा किलो असतं. लहान नावेत एवढं वजन उंच काठीवर चढवलं की नाव डुलायला लागते, वाऱ्यात कलंडायची भीती वाढते. डोक्यावर घागरींची उतरंड घेऊन चालणारीला हे वेगळं सांगायला नको. म्हणून नाव बांधणाऱ्याला विचारल्याशिवाय उंची ठरवू नका.

दोन, माणसांच्या डोक्याच्या वर. लहरींचा झोत बसलेल्या किंवा उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या, तोंडाच्या रेषेत येता कामा नये. टपावर प्रवासी बसवत असाल तर तिथे रडार नको. किती अंतर ठेवायचं ते पुस्तिकेत दिलेलं असतं. ते वाचून त्या जागी रंगाने रेघ मारा.

तीन, समोर आडोसा नको. डोलकाठी किंवा लोखंडी पाइप समोर आला तर त्याच्यामागे पडद्यावर आंधळी पट्टी तयार होते. नावेच्या अगदी जवळचं, पंधरा-वीस मीटरच्या आतलं, तर कुठल्याच परिस्थितीत नीट दिसत नाही. तिथे डोळेच हवेत.

चार, होकायंत्रापासून लांब. जुन्या पद्धतीच्या रडारमध्ये मोठं चुंबक असतं, ते होकायंत्राची सुई फिरवतं.

पाच, वीज. लहान रडार बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. तार थेट बॅटरीवरून, योग्य जाडीची, मध्ये फ्यूज घातलेली, कुठेही जोड नसलेली हवी. इंजिन सुरू करायची बॅटरी आणि ही बॅटरी शक्यतो वेगळी ठेवा, नाहीतर रडार बघता बघता इंजिनच सुरू होणार नाही. तार डब्यात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तारेवरून आत न जाता खाली टपकेल.

सहा, दिशा जुळवणं. बसवून झालं की शांत पाण्यात, स्वच्छ दिवसा, नावेचं तोंड बरोबर एखाद्या दूरच्या खांबाकडे करा. पडद्यावरही तो खांब बरोबर समोरच दिसला पाहिजे. बाजूला दिसला तर यंत्रात दुरुस्ती करून घ्या. ही चाचणी बसवणाऱ्याकडून तुमच्यासमोर करून घ्या, मगच उरलेले पैसे द्या. रडार लहरी सोडणारं यंत्र आहे, त्याला सरकारी परवाना लागतो. विकणाऱ्याकडून त्याचे कागद लेखी घ्या. नावेची नोंदणी आणि प्रवासी नेण्याचा परवाना हे वेगळे, ते आधीच हवेत.

वापरताना

कुणी डोलकाठीवर चढणार असेल, डबा पुसणार असेल, तर रडार बंद करा आणि किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात द्या. डबा स्वतः उघडू नका. यंत्र बंद केल्यावरही आत मोठ्या दाबाची वीज साठून राहू शकते. वाफ गेल्याशिवाय आपण कुकरचं झाकण काढत नाही ना? इथे तर वाफेची शिट्टीसुद्धा नाही. धक्क्याला माणसं चढत-उतरत असताना रडार चालू ठेवायची गरज नसते. हृदयाला पेसमेकर बसवलेला प्रवासी असेल तर त्याला डब्यापासून लांब बसवा.

पडद्यावर पावसाचे आणि लाटांचे ठिपके कमी करणारी बटणं असतात. नवशिक्या माणसाला पडदा स्वच्छ दिसावा असं वाटतं आणि तो ती बटणं पूर्ण फिरवतो. तांदूळ निवडताना घाईत खड्यांबरोबर तांदूळही फेकले जातात, तसं लाटांबरोबर लहान होडीचा ठिपकाही पुसला जातो. बटण थोडंच फिरवा, पुन्हा मागे आणा, पुन्हा बघा.

शेजारी शेजारी चाललेल्या दोन होड्या रडारला दुरून एकच वाटू शकतात. लहान डब्याचा झोत एक किलोमीटरवर जवळजवळ नव्वद मीटर रुंद झालेला असतो. म्हणून एक ठिपका म्हणजे एकच होडी असं धरून चालू नका.

धडक होणार का हे कसं ओळखायचं? तुम्ही सायकलवर चौकाकडे निघालात, बाजूच्या रस्त्याने टेम्पो येतोय. तो तुमच्या नजरेत मागे पडला किंवा पुढे गेला तर ठीक. पण तो सारखा त्याच कोनात दिसत राहिला आणि मोठा मोठा होत गेला, तर तुम्ही दोघं चौकात एकाच वेळी पोचणार. पडद्यावरही तेच. ठिपक्याची दिशा बदलत नाही आणि अंतर घटतंय, म्हणजे धडक ठरलेली. वेग कमी करा, लागलं तर थांबा. समुद्रात १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम चालतात. ते सांगतात की अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधू नका, अगदी अपुऱ्या रडार-माहितीवरसुद्धा. धुक्यात समोरून येणाऱ्यासाठी शक्यतो डावीकडे वळू नका. भोंगा दर दोन मिनिटांच्या आत वाजवा. आणि डोळ्यांनी, कानांनी पहारा सतत ठेवा, रडार असो वा नसो.

म्हणून गटात कामं वाटून घ्या. एक ताई सुकाण्यावर, एक पडद्याजवळ, एक नावेच्या तोंडाशी. तोंडाशी बसणारीने मोबाइल काढायचा नाही. सराव स्वच्छ दिवशी करा. डोळ्यांना दिसणारी होडी पडद्यावर कशी दिसते ते ओळखायला शिका, म्हणजे धुक्यात गोंधळ होणार नाही.

स्वस्तातली वस्तू

रडार परवडत नसेल तरी एक गोष्ट जरूर करा. आपल्याला दुसरे दिसणं जितकं महत्त्वाचं, तितकंच आपण दुसऱ्याला दिसणं. धातूच्या पातळ पाट्या एकमेकींना काटकोनात बसवलेला एक साधा गोळा मिळतो, त्याला रडार रिफ्लेक्टर म्हणतात. कोपऱ्यात शिरलेली लहर आली त्याच वाटेने परत जाते, त्यामुळे लहान लाकडी होडीही मोठ्या जहाजाच्या पडद्यावर उठून दिसते. त्याला वीज लागत नाही, शिकावं लागत नाही. उंच बांधायचा, बस. खाडीत-समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक होडीवर तो हवा.

वाऱ्यासाठी जमिनीवरचं रडार

आणि वाऱ्याचं काय? त्यासाठी दुसरं रडार आहे, ते जमिनीवर असतं. पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं जुनं कार्यालय आहे. १९२८ साली खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं, म्हणून पुणेकर अजून त्याला शिमला ऑफिस म्हणतात. पाषाणला उष्णदेशीय हवामानाचा अभ्यास करणारी संस्था आहे. ज्या मांढरदेवला आपण काळूबाईच्या दर्शनाला जातो, त्या डोंगरावर या संस्थेने रडार बसवून ढगांचा अभ्यास केलाय. त्याच्या लहरी साधारण तीन सेंटीमीटरच्या, नावेवरच्या रडारसारख्याच. फक्त ते होड्या बघत नाही, पावसाचे थेंब बघतं. अशा रडारमुळे वादळी ढग कुठे आहे, कुठल्या बाजूला सरकतोय हे कळतं, आणि अशा ढगाबरोबरच सोसाट्याचा वारा येतो.

हे तुमच्या हातातल्या मोबाइलवर मोफत मिळतं. हवामान खात्याच्या 'मौसम' ॲपवर इशारे आणि रडारची चित्रं दिसतात. पाषाणच्या संस्थेने 'दामिनी' ॲप केलंय, ते जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं. एप्रिल-मेच्या दुपारी नाव सोडण्याआधी दोन्ही बघायची, ही गटाची शिस्त करा. पश्चिमेला काळं भरून आलं, थंड वारा सुटला, तर ॲपची वाट बघू नका. नाव काठाला.

त्या ताईंना आम्ही एवढंच कळवलं: तुमच्या गटाला आज रडार नको. जॅकेटं घ्या, नावेत बसणाऱ्यांची संख्या पाटीवर लिहून लावा, धुकं विरल्यावर निघा, आभाळ बघून परता. पुढे मोठी लाँच घेतलीत तर रडार जरूर घ्या, आणि ते वापरायला गटातल्या किमान दोघी शिका.

पुढच्या बैठकीत या विषयावर बोला. तुमच्या गावच्या पाण्यात कुठे खडक आहे, कुठे जुनी भिंत आहे, वारा कुठल्या बाजूने उठतो, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून एका कागदावर काढा. तो कागद नावेत ठेवा. रडारला जे दिसत नाही ते त्यात असेल.